सुपरहिरोच्या सिनेमाचा खलनायक कसा लिहावा: गोव्यातल्या नव्या पटकथाकारांसाठी

गोव्यात लघुपट करणाऱ्या, एकांकिका लिहिणाऱ्या तरुणांना हल्ली सुपरहिरोची गोष्ट करावीशी वाटते, आणि ती त्यांनी जरूर करावी. पण त्यांच्या संहिता वाचताना एक गोष्ट सतत खटकते. नायकाला चार पानं, त्याच्या पोशाखाला एक पान, आणि खलनायकाला दोन ओळी: 'एक दुष्ट शास्त्रज्ञ गोवा नष्ट करायला निघालाय.' का निघालाय, सगळं नष्ट झाल्यावर तो स्वतः कुठे राहणार, रात्री जेवायला कुणाबरोबर बसतो, कशाचाच पत्ता नसतो. मग चित्रीकरण होतं, सिनेमा पडतो आणि खापर कॅमेऱ्यावर नाहीतर बजेटवर फुटतं.

सुपरहिरोकडे ताकद मुबलक असते. तो उडतो, भिंत फोडतो, गोळी झेलतो. म्हणून त्याच्यासमोरचा माणूस असा हवा, की ज्याच्यापुढे ताकद असूनही भागत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत. वही घेऊन बसा आणि क्रमानं लिहीत जा.

पायरी १: उंची विसरा

खलनायक उभा करणं गोव्याच्या पोरांना शिकवावं लागत नाही. दिवाळी जवळ आली की वाड्यावाड्यांत बांबू आणले जातात. सांगाडा बांधायचा, आत सुकं गवत कोंबायचं, वरून खळीनं कागद चिकटवायचा, मुखवटा रंगवायचा, कुणी मोटर लावून हात हलवतो, कुणी डोळ्यांत दिवे बसवतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव सगळीकडे माणसं नरकासुर पाहत फिरतात. कृष्ण शेजारीच असतो, बहुधा वाड्यातलं एखादं लहान मूल, डोक्याला मोरपीस लावलेलं. पहाटे नरकासुर जळतो, घरी येऊन अभ्यंगस्नान होतं, पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडलं जातं आणि पोह्यांची ताटं पुढे येतात.

त्यातली कारागिरी अस्सल आहे. पण त्या रात्री कुणालाही नरकासुराची भीती वाटलेली नसते, त्याच्याबद्दल प्रश्नही पडलेला नसतो. तो उत्सव आहे, तिथे त्याची गरज नाही. सिनेमात मात्र आहे.

पुराणातला नरकासुर आठवा. तो भूदेवीचा मुलगा, प्राग्ज्योतिषपूरचा राजा. अदितीची कुंडलं त्यानं हिसकावून नेली, सोळा हजार शंभर स्त्रिया कोंडून ठेवल्या. कृष्ण त्याच्यावर चालून जातो तेव्हा सत्यभामा बरोबर असते, आणि काही परंपरा सत्यभामेला भूदेवीचाच अवतार मानतात. म्हणजे मुलाच्या वधाच्या वेळी आई रथ-गरुडाच्या गदारोळात समोर उभी आहे. मोटरवर हलणारे कितीही हात लावले तरी या एका गोष्टीचं वजन त्यांना येणार नाही.

तुमच्या खलनायकाचं वर्णन एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात त्याचा आकार, शस्त्र, शक्ती किंवा पोशाख येता कामा नये. वाक्य तयार होत नसेल तर तुमच्याकडे अजून फक्त सांगाडा आहे.

पायरी २: त्याला काय हवंय, ते डोळ्यांना दिसेल असं लिहा

'सत्ता', 'सूड', 'जगावर राज्य' हे शब्द वापरायला स्वतःला बंदी घाला. हे शब्द कॅमेऱ्यात पकडता येत नाहीत.

'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) मधला एड्रियन टूम्स घ्या. मायकेल कीटननं केलेलं काम. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या लढाईनंतर पडलेला मलबा उचलण्याचं कंत्राट त्याला मिळालेलं असतं. त्याच्या भरवशावर तो ट्रक घेतो, माणसं लावतो, आणि एके दिवशी सरकारी माणसं येऊन सांगतात की हे काम आता आमचं. त्याला घर चालवायचंय, हाताखालच्यांची घरं चालवायचीत. बस, एवढंच. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून घेतलेले टिपर किती दारांत नुसते उभे राहिले, हे डिचोली, सत्तरी, सांगेच्या माणसाला सांगायला नको. टूम्स पुढे चोरी करतो, शस्त्रं विकतो, एका माणसाचा जीवही घेतो. पण पहिल्या पाच मिनिटांत त्याचा राग आपल्याला कळलेला असतो आणि तो कळणं शेवटपर्यंत आपली पाठ सोडत नाही.

आता लेखभर पुरेल असं एक उदाहरण घेऊ. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात आणि विस्थापित गावकरी आपल्या देवळापाशी जमतात. अशाच एका कल्पित गावातला एक कल्पित माणूस धरू. नाव पुंडलिक. धरण झालं तेव्हा शाळकरी पोर, पुढे पाणीपुरवठा खात्यात वाल्व्हमन म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेला. आपल्या गोष्टीत त्याला पाण्यावर हुकूमत मिळते.

त्याला काय हवंय? 'सूड' लिहिलात तर गोष्ट तिथेच संपली. त्याऐवजी असं लिहा: त्याची आई आता अंथरुणाला टेकली आहे आणि तिचा शेवटचा श्वास तिच्या स्वतःच्या अंगणात जावा, एवढंच त्याला हवंय. अंगण तळ्याच्या तळाशी आहे.

हे दिसतं. एक म्हातारी, एक अंगण, मध्ये पाणी.

पायरी ३: जखम द्या, पण माफी देऊ नका

'एक्स-मेन'चा खलनायक, लोखंड वाकवणारा मॅग्नेटो कॉमिक्समध्ये १९६३ साली आला तेव्हा तो सरळसोट दुष्ट होता. तो नाझी छळछावणीतून वाचलेला मुलगा आहे, ही पूर्वकथा क्रिस क्लेरमाँट यांनी १९८१ मध्ये आणली, आणि पात्राचा कायापालट झाला. २००० सालचा 'एक्स-मेन' सुरूच होतो तो १९४४ मधल्या पोलंडमधून: पावसात आईवडिलांपासून ओढून वेगळा केलेला मुलगा आणि त्याच्या आक्रोशानं वाकत जाणारं लोखंडी फाटक. पुढे हाच माणूस जेव्हा म्हणतो की आपल्यासारख्या जन्मजात शक्ती असलेल्यांची सरकारी नोंदवही तयार करू देऊ नका, तेव्हा त्याला खोडून काढणं अवघड जातं. त्यानं ती नोंदवही आणि तिचा शेवट दोन्ही पाहिलेले असतात.

जखमेचं काम एवढंच: खलनायकाला जग कसं दिसतं ते आपल्याला दाखवणं. तिनं त्याचं कृत्य धुऊन निघता कामा नये. नवे लेखक इथे हमखास घसरतात. लहानपणी बाप मारायचा म्हणून आता तो शहर जाळतो, अशी सरळ बेरीज मांडतात. मार खाल्लेली असंख्य माणसं शहरं जाळत नाहीत. जखम आणि गुन्हा यांच्या मधोमध एक निर्णय असतो, तो त्यानं स्वतः घेतलेला असतो, आणि त्या निर्णयाचा प्रसंग लिहिणं हे तुमचं काम आहे.

जखम सांगितलीच पाहिजे असंही नाही. 'द डार्क नाइट' (२००८) मधला हीथ लेजरचा जोकर आपल्या चेहऱ्यावरच्या व्रणांची गोष्ट दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. त्याला भूतकाळच नाही, म्हणून त्याला कुठेच पकडता येत नाही. लेजरला त्या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं. पण हा रस्ता पहिल्याच संहितेत धरू नका. भूतकाळ काढून घेतला की पात्र उभं ठेवण्याचं सगळं ओझं प्रसंगांच्या बांधणीवर येतं, आणि ती बांधणी हातात यायला वेळ लागतो.

पायरी ४: त्याचं निम्मं म्हणणं बरोबर असू द्या

'ब्लॅक पँथर' (२०१८) मधला किलमाँगर मला या बाबतीत सगळ्यांत सरस वाटतो. त्याच्या बापाला आफ्रिकेतल्या वाकांडा या कल्पित देशाच्या राजानं, म्हणजे सख्ख्या काकानंच मारलं आणि पोराला अमेरिकेत ओकलंडमध्ये तसंच सोडून दिलं. मोठा होऊन तो लंडनच्या संग्रहालयात काचेआडच्या आफ्रिकी वस्तूंसमोर उभा राहतो आणि तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारतो, तुमच्या पूर्वजांनी हे कसं मिळवलं? पैसे देऊन? त्याचा मुख्य प्रश्न वाकांडालाच आहे: तुमच्याकडे एवढं सामर्थ्य होतं, जगभर तुमची माणसं भरडली जात होती, तेव्हा तुम्ही दारं लावून का बसलात? या प्रश्नाला नायक टीचालाकडे उत्तर नसतं, म्हणून सिनेमा नुसत्या मारामारीच्या वर जातो.

थॅनोसचं उलट. 'इन्फिनिटी वॉर' (२०१८) मध्ये तो म्हणतो, विश्वात साधनं कमी आणि तोंडं जास्त, म्हणून निम्मे जीव पुसून टाकू. ज्याच्या हातात विश्वातलं काहीही बदलायची ताकद येणार आहे, त्याला साधनं दुप्पट करता आली असती, हे शाळकरी मूलही सांगेल. तरीही तो पडद्यावर उभा राहतो, कारण तो विचारापायी मुलीचा, गमोराचा, बळी देतो आणि देताना रडतो. त्याचं गणित चुकलेलं आहे, पण त्यानं मोजलेली किंमत खरी आहे. नवीन माणसानं थॅनोसचं गणित उचलू नये, ती किंमत उचलावी.

पुंडलिकचं निम्मं बरोबर म्हणणं कोणतं? शहराच्या नळाला पाणी आलं त्यासाठी कुणाचं तरी अंगण गेलं, आणि नळ उघडणाऱ्या एकालाही त्या गावाचं नाव ठाऊक नाही. तालमीत हे वाक्य मोठ्यानं वाचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी 'खरं आहे' म्हणून मान हलवली तर पुढे जा.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. खलनायक 'बाहेरचा' करून मोकळं होऊ नका. परप्रांतातून आलेला, वेगळ्या धर्माचा, काळा, कुबडा, चेहऱ्यावर भाजल्याचा डाग असलेला, म्हणून वाईट: असं लिहिलं की लेखकाला विचार करावा लागत नाही आणि प्रेक्षकाच्या मनातला जुना द्वेष फुकट वापरता येतो. गोव्याच्या गोष्टीतला खलनायक गोव्याच्याच मातीतला असू द्या. आपल्यातल्या माणसाची भीती जास्त खोल जाते.

पायरी ५: त्याला नायकाच्या घरात आणा

मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) अजून पाहिला नसेल तर संहिता बाजूला ठेवून आधी तो पाहा. बेसिल जोसेफचं दिग्दर्शन. एका छोट्या गावात एकाच रात्री दोन माणसांवर वीज पडते. एक शिंपी जेसन, दुसरा चहाच्या दुकानात राबणारा शिबू, ज्याला गाव वेडा समजतं. दोघांनाही शक्ती मिळते. शिबूचं उषावर वर्षानुवर्षांचं प्रेम आहे. तिच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत म्हणून तो बँक लुटतो. ती शेवटी होकार देते तेव्हा शिबूचं काम करणाऱ्या गुरु सोमसुंदरमच्या चेहऱ्यावर कॅमेरा बराच वेळ थांबतो. हसू आणि रडू एकाच चेहऱ्यावर, मध्ये शिवण दिसत नाही. मग गावकऱ्यांनी लावलेल्या आगीत उषा जाते, आणि शिबू गावावर उलटतो. दोघांच्या शक्तीचा उगम एकच, गाव एकच. वेगळं आहे ते एवढंच, की एकाला माणसांनी आपलं म्हटलं आणि दुसऱ्याला कधीच म्हटलं नाही.

नातं कोणतंही असू शकतं, गुरू-शिष्य, मित्र, भाऊ. कंस हा मामाच होता, आपल्याला हे नवीन नाही. आपल्या गोष्टीत नायिका आहे मानसी, मडगावात फ्लॅटमध्ये वाढलेली. पुंडलिक तिचा सख्खा मामा. मे महिन्यात गाव उघडं पडलं तेव्हा दोघांनी एकाच विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायलं आणि शक्ती मिळाली. अंथरुणाला टेकलेली म्हातारी म्हणजे मानसीची आजी. आता मानसीला मामाचं दुःख कुणी समजावून सांगायला नको. ते तिचंही आहे.

पायरी ६: ताकदीनं न सुटणारी कोंडी बांधा

ही सगळ्यांत अवघड पायरी. इथे सर्वांत जास्त वेळ घालवा.

'द डार्क नाइट'मधल्या दोन बोटींचा प्रसंग चोडणच्या फेरीबोटीवर आणून पाहा. रायबंदरच्या धक्क्यावरून बोट सुटली आहे. स्कूटर, भाजीची टोपली घेतलेली बाई, कामावरून परतणारी माणसं, दोन शाळेची पोरं. नदीच्या मध्यावर इंजिन बंद पडतं. बोटीवर एक खोका सापडतो, त्यात बटण. स्पीकरवरून आवाज येतो: पलीकडे दुसरी बोट आहे, तिच्यावर कैदी आहेत. त्यांच्याकडे तुमचं बटण आहे, तुमच्याकडे त्यांचं. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर दोन्ही उडवीन.

आता विचारा, तुमच्या उडणाऱ्या नायकाचा इथे काय उपयोग? तो जोकरला कितीही बडवू शकतो, पण बोटीवरच्या माणसांच्या मनात जे चाललंय तिथे त्याचा हात पोचत नाही. सिनेमात एक धिप्पाड कैदी बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकतो. निकाल लावला तो एका साध्या माणसानं, बॅटमॅननं नाही. त्याच सिनेमात आधी जोकर दोन ओलिसांचे पत्ते अदलाबदल करून सांगतो. बॅटमॅन जीव तोडून एका ठिकाणी पोचतो आणि तिथे भलताच माणूस असतो. वेग होता, ताकद होती, तरी जिला वाचवायला तो धावला ती रेचल गेली.

'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' (२०१६) मधल्या झीमोकडे तर कसलीच शक्ती नाही. सुपरहिरोंच्या लढाईत सोकोव्हिया या कल्पित देशात त्याचं कुटुंब चिरडलं गेलं. तो एक जुनं चित्रीकरण टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, दाखवतो, ज्यात स्टार्कच्या आईवडिलांचा खून दिसतो आणि खुनी त्या क्षणी खोलीतच उभा असतो. बाकीचं काम नायक एकमेकांवर तुटून पडून करतात.

कोंडी बांधायची रीत अशी: नायकाला प्रिय असलेल्या दोन गोष्टी घ्या आणि एक वाचवली की दुसरी जाईल अशी जागा शोधा. मग त्याची शक्ती वापरून सुटका होतेय का ते दहा वेगवेगळ्या बाजूंनी तपासा. होत असेल तर ती वाट बुजवा.

पुंडलिक आईला घेऊन तळ्याच्या तळाशी उतरला आहे. त्यानं पाणी दोन्ही बाजूंना उभं धरलंय, मध्ये ओलं अंगण, मोडकं तुळशीवृंदावन, शेजारी खाटेवर आजी. जागा करण्यासाठी रेटलेलं पाणी सांडव्यावरून खाली नदीत चाललंय आणि काठावरची गावं झोपलेली आहेत. मानसीकडे मामाएवढीच ताकद आहे. तिनं त्याला हरवलं, की उभं पाणी कोसळतं आणि अंगणात आजी आहे. हरवलं नाही, तर खालची गावं जातात. बडवून काही होत नाही. बोलावंच लागतं.

पायरी ७: एक रेष ओलांडू द्या, आणि खरं नुकसान होऊ द्या

समजून घेता घेता लेखक खलनायकाच्या प्रेमात पडतो, आणि मग त्याच्या हातून काही वाईट होऊच देत नाही. 'मिस्टर इंडिया' (१९८७) मधल्या मोगॅम्बोला पूर्वकथा नाही, दुःख नाही. अमरीश पुरींचा आवाज, सोनेरी केसांचा टोप आणि खुर्चीवर नाचणारी बोटं, एवढ्यावर तो उभा आहे. पण हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याच्या बॉम्बनं छोटी टीना मरते. त्या एका मरणानंतर पोरांनी भरलेल्या त्या घराचा सूरच बदलतो. किलमाँगरही सत्ता मिळताच पवित्र वनस्पतींची बाग जाळायला लावतो आणि विरोध करणाऱ्या वृद्ध बाईचा गळा धरतो. तिथे आपल्याला कळतं, प्रश्न याचा बरोबर आहे, पण हा माणूस राजा नको.

पुंडलिकची रेष: खाली सांडवलेल्या पाण्यात नदीकाठी झोपलेला एक पंपचालक वाहून जातो. त्याचा जुना सहकारी. पुंडलिकला ते कळतं, आणि तो थांबत नाही.

पायरी ८: शक्तीचे नियम

थोडक्यात. खलनायक काय करू शकत नाही ते गोष्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच सांगून टाका आणि पुढे मोडू नका. अदृश्य झालेला मिस्टर इंडिया लाल प्रकाशात दिसतो, हा एकच नियम, पण त्यातून किती प्रसंग निघाले ते पाहा. पुंडलिक वाहतं किंवा साठलेलं पाणी हलवू शकतो, शरीरातलं नाही. पुरे.

पायरी ९: प्रवेश आणि बोलणं

पेडण्यात किंवा पलीकडे सिंधुदुर्गात रात्रभर चालणारा दशावतार वही घेऊन पाहायला जा. रंगमंचावर एक बाकडं असतं, तेच सिंहासन आणि तेच सगळं. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरवून घेतात आणि संवाद उभ्या उभ्या रचतात. राक्षसाचं काम करणारा नट देवाशी वाद घालतो तेव्हा नीट ऐका. चांगला नट तो वाद हरायचा म्हणून घालत नाही, जिंकायला घालतो. थंडीत शाल गुंडाळून बसलेली माणसं त्यासाठी जागी असतात.

आणि निळू फुले पाहा. 'सामना' (१९७५) सुपरहिरोचा सिनेमा नाही, पण त्यातला साखरसम्राट हिंदुराव दारूड्या मास्तरला रस्त्यावरून उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, अदबीनं बोलतो. ज्याच्या हाती सगळं गाव आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही.

आता आपलं पान. पहिल्या खर्ड्यात बहुतेकजण असं लिहितात:

'हा हा हा! मानसी, तुझा अंत जवळ आलाय! अख्खा दक्षिण गोवा मी तहानेनं मारीन!'

हे खोडा. असं करून पाहा. मानसी दारात उभी आहे, पुंडलिक स्टोव्हवर चहा करतोय.

'मामा, इस्पितळात पाणी नाही.'
'तुमच्या बिल्डिंगीत पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं गो?'
'चौथ्या. मामा, मी काय म्हणते...'
'चौथ्या. आम्हाला नव्या वसाहतीत आणून टाकलं तेव्हा नळ यायला किती वर्षं लागली, आजीला विचार. तिनं घागरी मोजल्यात. चहा घे, निवतोय.'

धमकी एकही नाही. तो प्रश्न विचारतो, तिचं उत्तर हातात घेतो आणि तिच्यासमोर ठेवतो. इस्पितळाबद्दल तो चकार शब्द काढत नाही, आणि तेच अंगावर येतं. वर भाचीला चहाही देतो, कारण तो मामा आहे.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी हे खास लक्षात घ्यावं. 'होमकमिंग'मधला सर्वांत थरारक प्रसंग मोटारीत घडतो. टूम्स आपल्या मुलीला आणि तिच्या मित्राला नृत्याच्या कार्यक्रमाला सोडायला निघालाय, मागच्या सीटवरचा हा पोरगाच स्पायडर-मॅन आहे हे आरशात पाहता पाहता त्याच्या लक्षात येतं, आणि सिग्नलचा हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो. उडणं नाही, स्फोट नाही. जुनी मारुती, एक दिवा आणि तीन नट तुम्हालाही जमतील. संगणकावरची करामत पाण्याच्या एकाच दृश्यासाठी राखून ठेवा.

नट निवडताना भारदस्त देहयष्टी शोधू नका. ऐकणारा नट शोधा. समोरचा बोलत असताना ज्याच्या चेहऱ्याकडे पाहावंसं वाटतं, त्याला पुंडलिक द्या.

पायरी १०: शेवट

खलनायक मेला म्हणजे शेवट झाला असं नाही. 'स्पायडर-मॅन २' (२००४) मधला डॉक्टर ऑक्टोपस अखेर भानावर येतो आणि स्वतःचंच यंत्र नदीत बुडवून त्याच्याबरोबर जातो. जोकर जिवंत पकडला जातो, पण हार्वे डेंटसारख्या सरळ माणसाला बिघडवण्याचं त्याचं काम झालेलं असतं. किलमाँगर मरतो, मात्र टीचाला त्यानंतर वाकांडाची दारं उघडतो आणि ओकलंडमधल्या त्याच वस्तीत इमारती विकत घेतो. हरलेल्या माणसाचा प्रश्न जिंकलेल्यानं उचलला. या शेवटांत मला हा सर्वांत भरीव वाटतो. नायक पहिल्या पानावर होता तसाच शेवटच्या पानावर राहिला असेल, तर खलनायकानं त्याला फक्त दमवलं.

आपल्या गोष्टीत निकाल आजी लावते. आपल्यासाठी कोण वाहून गेलं ते मानसी तिला सांगते. आजी खाटेवरून उठते, वृंदावनाला हात लावते, मूठभर माती पदरात बांधते आणि नातीचा हात धरून चढावाला लागते. पुंडलिक पाणी धरून उभा राहतो, त्या दोघी वर पोचेपर्यंत. पुढच्या मे महिन्यात मानसी आपल्या बिल्डिंगीतल्या माणसांना बसमध्ये घालून गाव दाखवायला आणते.

पायरी ११: वाचन

संहिता पुरी झाली की सुपरहिरोचे सिनेमे न पाहणाऱ्या तीन-चार माणसांना ती वाचून दाखवा. आई, शेजारचे काका, नाटकात काम केलेलं कुणीतरी. 'कशी वाटली' विचारू नका, सगळे छान म्हणतील. खलनायकाला काय हवं होतं, ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. मग विचारा, कुठल्या क्षणी वाटलं की आता हा माणूस आपल्याला नको. आणि शेवटी, नायिकेच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

पहिल्याचं उत्तर 'सूड' आलं तर दुसरी पायरी पुन्हा लिहा. दुसऱ्यावर सगळे गप्प झाले तर सातवी कच्ची आहे. तिसऱ्यावर सगळ्यांनी एकच उत्तर पटकन दिलं तर कोंडी सैल आहे, सहावीवर परत जा. त्यांच्यात वाद सुरू झाला तर मध्ये बोलू नका, फक्त टिपून घ्या. त्या वादातली दोन-तीन वाक्यं तुमच्या खलनायकाच्या तोंडी शोभतील.